महापौर बदलले म्हणून अर्ज बदलू नका

आपला प्रश्न वाचताना आमच्या कॉलनीची जुनी फाईल डोळ्यांसमोर आली. आपल्या शहरात आघाडीतील पक्षांनी महापौरपद आपसांत वाटून घेतले आहे, पहिल्या महापौरांनी आपल्या गल्लीतील पावसाळी गटाराच्या कामाचा शब्द दिला होता, आता त्या पायउतार झाल्या आहेत आणि नव्या महापौरांच्या कार्यालयातून आपणांस 'नव्याने निवेदन द्या' असे सांगण्यात आले आहे, असे आपण लिहिले आहे. सह्या, छायाचित्रे, नगरसेवकांचे पत्र हे सर्व झालेच असेल, असे मी धरून चालतो. माझे सांगणे त्या नव्या निवेदनापुरतेच आहे. ते देणे भागच पडले तर द्या. परंतु जुना अर्ज कोणत्याही परिस्थितीत मागे घेऊ नका.

आम्ही कोल्हापूरकर या बाबतीत पुरेसे पोळलेलो आहोत. 2015 च्या महापालिका निवडणुकीत 81 पैकी काँग्रेसला 27 आणि राष्ट्रवादीला 15 जागा मिळाल्या. दोन्ही मिळून 42 आणि बहुमताला हवे होते 41. इतक्या काठावरच्या सत्तेत प्रत्येक नाराज नगरसेवकाला किंमत असते आणि ती पदांच्या रूपाने चुकती करावी लागते. कायद्याने महापौरांची मुदत अडीच वर्षांची आहे, म्हणजे पाच वर्षांत दोन महापौर व्हावेत. नोव्हेंबर 2015 ते नोव्हेंबर 2020 या काळात आमच्याकडे आठ झाले. आरंभीच्या दोघींना साधारण एकेक वर्ष तरी मिळाले, पुढे मात्र काही महिन्यांवर खांदेपालट होऊ लागला. सत्कारांचे हार वाळायच्या आत पुढच्या नावाची चर्चा सुरू होत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण आपल्या पोस्टवरून आपला या वाटणीवर फार विश्वास दिसतो. 'अमुक महिन्यांनी राजीनामा' या कराराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात काहीही आधार नाही. महापौरांवर अविश्वास ठराव आणण्याची तरतूद त्या अधिनियमात नाही, त्यामुळे राजीनामा हा सर्वस्वी त्या व्यक्तीच्या आणि नेत्यांच्या शब्दावर अवलंबून राहतो. आमच्याकडेच, त्या निवडणुकीपूर्वी, 2015 च्या आरंभी लाचप्रकरणी कारवाई झालेल्या तत्कालीन महापौरांनी राजीनामा द्यायला नकार दिला, तेव्हा सभागृहाच्या हाती त्यांना खाली उतरवण्याचे साधन नव्हते. खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीतही शब्दाचा भरवसा नाही. तेथे सोळाच सदस्य असल्याने एक-दोन मतांवर सारे फिरते. 2018 मध्ये सत्ताधाऱ्यांची दोन मते फुटली आणि सभापतिपद विरोधातील भाजपकडे गेले. तेव्हा कोणत्या कारभाऱ्याचा गट उद्या कोठे असेल, याचा अंदाज बांधून आपले गटार होणार नाही.

आता आमची घोडचूक. 2018 मध्ये असाच एक बदल झाल्यावर एका कार्यालयातील (नाव घेत नाही, कारण तेथील सर्वच माणसे तशी नव्हती) एका लिपिकाने आम्हांला अत्यंत आपुलकीने सल्ला दिला की जुना अर्ज मागील पदाधिकाऱ्यांच्या नावे असल्याने तो अडून राहील, तरी 'मूळ अर्ज मागे घेत आहोत' असे दोन ओळींचे पत्र द्यावे आणि नव्या नावाने निवेदन करावे. आम्ही दिले. मीच ते लिहिले, हे आजही सलते. त्या जुन्या अर्जावर कनिष्ठ अभियंत्यांनी जागेची पाहणी करून खर्चाचा अंदाज काढला होता आणि काम पुढील अंदाजपत्रकाच्या यादीत जाण्याच्या बेतात होते. आमच्या त्या दोन ओळींमुळे सारा कागद 'दप्तरी दाखल' झाला, म्हणजे बंद करून ठेवला गेला, आणि नवा अर्ज शून्यापासून रांगेत उभा राहिला.

पुढचे आपण ओळखू शकाल. मार्च 2019 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, जुलैत महापौर बदलले, ऑगस्टमध्ये महापूर आला आणि सारी यंत्रणा तिकडे वळली, जे योग्यच होते, सप्टेंबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता, नंतर आणखी दोन महापौर, मग टाळेबंदी, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. दरवेळी त्या कार्यालयाचे उत्तर एकच, 'नवीन आलेत, जरा थांबा.' जणू आमच्या गल्लीतले पाणीसुद्धा कोण खुर्चीवर आहे ते विचारूनच घरात शिरत होते.

माझे मत असे, आणि मी वकील नाही वा माजी नगरसेवकही नाही, तेव्हा ते पारखून घ्यावे: आपण महापौरांच्या दालनात जितक्या फेऱ्या घालता, त्यांतील निम्म्या शहर अभियंत्यांच्या दालनात घाला. महापौर सभागृहाचे कामकाज चालवतात, कार्यकारी अधिकार आयुक्तांचे असतात. महापौरांनी निवेदनावर मारलेला 'तातडीने कार्यवाही करावी' हा शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. कामाला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे सदर) कोणते, त्यात तरतूद शिल्लक आहे का आणि प्रशासकीय मान्यतेची टिपणी कोणाच्या मेजावर आहे, हे तीन प्रश्न विचारायला लागल्यावर आमच्याशी बोलण्याचा सूरच बदलला. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात नकला मागत बसण्यापेक्षा फाईल पाहण्याची परवानगी मागावी. तिच्यातील टिपण्या ओळीने वाचल्या की ती नेमकी कोठे थांबली ते दिसते. आम्हांला आमचे मागे घेतल्याचे पत्र तसेच सापडले, पिवळे पडलेले, माझ्याच अक्षरात.

नव्या महापौरांना निवेदन द्यायचेच असेल तर विषयाच्या ओळीत जुन्या अर्जाचा आवक क्रमांक आणि दिनांक लिहून 'स्मरणपत्र' असे म्हणावे. कोणी हे स्वीकारण्यास नकार दिला तर वाद न घालता आवक-जावक विभागात देऊन पोच घ्यावी. आघाडीतील सर्व पक्षांच्या गटनेत्यांनाही प्रत द्यावी. हे काहींना आगाऊपणा वाटेल, पण उद्या खुर्ची ज्यांच्याकडे जाईल त्यांच्याकडे कागद आधीच असलेला बरा.

आपल्या पोस्टमध्ये पहिल्या अर्जाची पोच आहे की केवळ तोंडी शब्द आहे, हे स्पष्ट होत नाही. पोच असेल तर तिच्यावरील दिनांक तेवढा कळवा. तो अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, यावर पुढचे पत्र कोणाच्या नावे लिहायचे ते ठरेल.