धूर बघा, आवाजाची वाट पाहू नका

वाचकांचे प्रश्न : धावण्याच्या शर्यती

प्रश्न : तालुक्याला १०० मीटरमध्ये आमच्या एका मुलाची वेळ ११.२ आली. जिल्ह्याला इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर तोच मुलगा ११.६८ला पळाला. मुलगा ढेपाळला, की आमची घड्याळं खोटी?
(क्रीडाशिक्षक, बीड)

उत्तर : मुलाला बोल लावू नका. घड्याळंही बहुधा ठीक असतील, चूक कानांची आहे. क्लॅपरचा (दोन फळ्या एकमेकींवर आपटून शर्यत सुरू करायच्या साधनाचा) आवाज १०० मीटर लांब शेवटच्या रेषेपर्यंत यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. टाइमकीपरने आवाज ऐकून बटण दाबलं, तर तेवढी वेळ धावपटूला फुकट मिळते. शिवाय, पाहून दाबलं तरी बोट थोडं उशिराच पडतं. शेवटी मात्र धावपटू येताना दिसत असतो, त्यामुळे घड्याळ वेळेवर थांबतं. म्हणूनच हातघड्याळाची (हाताने दाबायच्या स्टॉपवॉचची) वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडून पाहताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ मिळवायचा प्रघात आहे. ११.२मध्ये ०.२४ आणि आवाजाचे ०.३ मिळवा, म्हणजे मुलगा जवळपास तेवढाच पळाला हे कळेल.

उपाय स्वस्त आहे. पिस्तूल असेल तर धूर किंवा ठिणगी दिसली की बटण दाबायचं. क्लॅपर असेल तर फळ्यांना आतून फक्की लावा आणि स्टार्टरला तो डोक्याच्या वर धरायला सांगा. त्याच्यामागे काळं कापड टांगलं, तर पांढरा भुरका लांबूनही दिसतो. टाइमकीपर शेवटच्या रेषेच्या सरळ ओळीत, ट्रॅकपासून पाचेक मीटर लांब, पायऱ्यांवर एकामागे एक बसवा. घड्याळ थांबवायचं ते धावपटूचं धड रेषेच्या अलीकडच्या कडेवर आल्यावर. डोकं, हात, पाय मोजायचे नाहीत.

आता आकडे. हातघड्याळाची वेळ नेहमी वरच्या दशांशाला न्यायची : ११.३२ची ११.४ होते, ११.३० मात्र ११.३च राहते. तीन घड्याळांत ११.३, ११.४, ११.६ आलं, तर मधली ११.४ धरा. दोघांचं जुळलं तर ते घ्या. दोनच घड्याळं असतील आणि जुळत नसतील, तर जास्तीची वेळ खरी मानायची. सरासरी काढणं ही आपल्याकडची जुनी खोड, नियमात ती कुठेच नाही. आणि प्रत्येकाने आपली वेळ आधी लिहायची, मग बोलायचं. पहिल्याने मोठ्याने वाचली की उरलेल्या दोघांची घड्याळंही तेच बोलू लागतात.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकच्या १०० मीटर शर्यतीत लाइल्स आणि थॉम्पसन दोघांची वेळ ९.७९ होती. मग सुवर्ण एकालाच का? थॉम्पसनचा पाय तर आधी पोहोचलेला दिसतो.
(वाचक, नागपूर)

उत्तर : पाय दिसतो, पण मोजतात धड. वेळही जाहीर करताना शतांशात असते. फोटो फिनिशच्या चित्रात ती हजारावा भाग धरून वाचतात. नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. दोन्ही वरच्या शतांशाला नेले की ९.७९ होतात. फरक ०.००५ सेकंदांचा, म्हणजे त्या वेगाला पाच-सहा सेंटीमीटर.

फोटो फिनिशचा कॅमेरा मैदान टिपत नाही. तो फक्त रेषेवरची एक अरुंद फट सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावतो. त्यामुळे चित्रात डावी-उजवी बाजू म्हणजे अंतर नसून वेळ असते, आणि रेषेवर टेकलेला बूट होडीसारखा लांबट दिसतो. राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली बीडच्याच अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकलं (साबळे ८:११.२०, विजेता किबिवोट ८:११.१५). पी. टी. उषाचं १९८४च्या ऑलिंपिकमधलं कांस्य तर ०.०१ने.

गावच्या स्पर्धेत मोबाइलचा स्लो मोशन वापरायला हरकत नाही. सेकंदाला २४० फ्रेमचा असेल तर दोन फ्रेममध्ये धावपटू साडेतीन सेंटीमीटर सरकतो, म्हणजे बऱ्याच वादांना पुरेसा. पण मोबाइल स्टँडवर हवा आणि नेमका रेषेच्या ओळीत हवा : रेषेच्या जवळच्या टोकाच्या खांबाआड पलीकडच्या टोकाचा खांब पूर्ण झाकला गेला पाहिजे. तिरका ठेवला तर जवळच्या आणि लांबच्या लेनचा क्रम उलटाही दिसतो, आणि मग भांडण मिटण्याऐवजी पेटतं.

प्रश्न : बाहेरच्या लेनला किती पुढे उभं करायचं? दर वर्षी पालकांची तक्रार असते.
(मुख्याध्यापिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : तक्रार बऱ्याचदा रास्त असते. मैदान २०० मीटरचं असो की ४००चं, एक पूर्ण फेरी लेनमध्ये पळायची असेल तर हिशेब एकच : लेनची रुंदी × ६.२८. रुंदी १.२२ मीटर असेल तर प्रत्येक लेन आधीच्या लेनपेक्षा ७.६६ मीटर पुढे. पक्क्या ट्रॅकवर दुसरी लेन ७.०४ मीटरच पुढे असते, कारण तिथे आत उंच कठडा असतो आणि पहिली लेन त्याच्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात, बाकीच्या रेषेपासून २०वर. नुसत्या फक्कीच्या ट्रॅकवर कठडा नसतो, तेव्हा पहिलीही २०वरच मोजा.

खरी गडबड होते ती शर्यतीत एकच वळण असताना. तिथे निम्मं, ३.८३ मीटर, पुरतं. पूर्ण आकडा घातला तर आठव्या लेनवाल्याला २७ मीटरची खिरापत मिळते.

आणखी एक. पूर्ण फेरीच्या शर्यतीत आठवी लेन ५३ मीटर पुढे असते. स्टार्टर पहिल्या लेनजवळ उभा राहिला तर तिथे आवाज ०.१५ सेकंद उशिरा पोहोचतो. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे (सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यामागे) स्पीकर असतो तो यासाठीच. तुमच्याकडे नसेल, तर स्टार्टरने मैदानाच्या आत, सगळ्या लेनपासून साधारण सारख्या अंतरावर उभं राहावं.

प्रश्न : बार झाल्यावर ०.०९९ सेकंदाला निघालेला धावपटू बाद, ०.१००ला निघालेला पात्र. हा कसला न्याय?
(वाचक, ठाणे)

उत्तर : २०२२च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलन असाच गेला. आवाज कानावर पडून पायाने ब्लॉकवर जोर देईपर्यंत इतका वेळ लागणारच, या समजावर ०.१००ची रेघ ओढली आहे. रेघ थोडी अलीकडे हवी, असं आमचंही मत. पण एकाच चुकीला बाद करणं, जे २०१०पासून आहे आणि ज्यात २०११ला बोल्टही सापडला, ते योग्यच. आधी पहिली चूक सगळ्यांच्या नावावर चढायची. मग सुरुवात मंद असलेला एखादा मुद्दाम निसटायचा, आणि उरलेले सात जण घाबरून बसायचे.

शाळेत ब्लॉकवर वेळ मोजणारा सेन्सर नसतो. ‘सेट’नंतर सगळे स्थिर होईपर्यंत बार करू नका, आणि प्रत्येक वेळी तेवढंच थांबू नका, मुलं ताल पकडतात. कोणी डळमळत असेल तर सरळ ‘उभे राहा’ म्हणा. लहान गटाला एक संधी द्यायची असेल, तर ते पहिल्या हीटच्या आधी जाहीर करा, नंतर नाही.

प्रश्न : मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळात ४२.७ किलोमीटर आले. मार्ग जास्त होता का?
(वाचक, पुणे)

उत्तर : मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. मार्ग मोजतात सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या वाटेने. कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे सुमारे ४२ मीटर, मुद्दाम वाढवतात. बाकीचे ४६० मीटर तुम्ही वळणं बाहेरून घेतल्याचे, पाण्याच्या टेबलाकडे जाऊन आल्याचे, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटल्याचे. पुढच्या वेळी समोरचं वळण दिसलं की त्याच्या आतल्या कडेकडे सरळ रेषेत पळा, दोनशे-तीनशे मीटर वाचू शकतात.