सर्टिफिकेटच्या मागे लागायच्या आधी

जोहार बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आजोबांच्या झाडपाल्याच्या दवेला कायद्यानं मान्यता मिळवायची, त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट काढून भिंतीला लावायचं, आणि तू लॉ शिकतेयस म्हणजे हे काम तुझंच, असं तुला वाटतंय. वाटायलाच पाहिजे. पण त्यात तुझी दोन वर्षं जाऊ नयेत म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी पहिल्यांदा तुमच्या पाड्यावर आले तेव्हा हगवणीनं बेजार होते. आजोबा मला कुड्याच्या झाडापाशी घेऊन गेले, कोयत्यानं एकाच बाजूची बोटभर रुंद साल काढली आणि झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली. हे कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, चौफेर सोलली तर वाळंल ते, मग पुढच्याला काय देऊ? आता बघ, याच कुड्याच्या सालीचं कुटजारिष्ट दुकानात राजरोस विकलं जातं, कारण 1940 च्या औषध कायद्याला आयुर्वेदाच्या ग्रंथांची एक यादी जोडलेली आहे आणि त्यातल्या पाठाप्रमाणे बनवलं की लायसन्स मिळतं. आजोबांचं ज्ञान कुठल्या ग्रंथात नाही, त्यांच्या हातात आहे, त्यामुळे त्या कायद्याला ते दिसतच नाही. झाड तेच, साल तीच. मला याचा अजूनही राग येतो.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेची पारंपरिक उपचार करणाऱ्यांसाठी एक ऐच्छिक योजना आहे, पण तो कागद म्हणजे प्रॅक्टिसचं लायसन्स नव्हे. केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या केसमध्ये 2018 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की नोंदणी आणि मान्य शिक्षण नसेल तर प्रॅक्टिस करता येणार नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात 1961 चा वैद्यक व्यावसायिकांचा कायदा आहेच. म्हणजे आजोबांच्या दारावर 'वैद्य' पाटी लावलीस तर मान्यता राहिली बाजूला, त्यांच्यावरच केस व्हायची.

मग काय करायचं? केरळच्या काणी आदिवासींचं वाच. 1987 ला अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांची टीम फिरत होती, सोबतचे काणी वाटाडे कसलीशी फळं खात चालत होते आणि दमत नव्हते. खूप विनवण्या केल्यावर त्यांनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, त्यातनं 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं, कोईमतूरच्या एका कंपनीला 10 लाख फी आणि 2 टक्के रॉयल्टीवर दिलं गेलं, निम्मा वाटा काणींना ठरला, 1997 ला त्यांचा ट्रस्टही झाला. जगभर कौतुक झालं. आणि मग काणी ती वनस्पती लावून पाला विकायला लागले तर वनखात्यानंच अडवलं! ज्ञान तुमचं म्हणून मान्य, रॉयल्टी मान्य, पण झाड जंगलातलं म्हणजे खात्याचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ गप्प बसून होते.

तेव्हा वनहक्क कायदा नव्हता, आता आहे, आणि माझं सगळं म्हणणं इथंच आहे. 2006 च्या त्या कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातनं मिळणाऱ्या वस्तूंच्या, व्याख्येत औषधी वनस्पती, मुळ्या, कंद असं नाव घेऊन लिहिलंय, त्यावर मालकीहक्क दिलाय, आणि कलम 3(1)(के) मध्ये जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क आहे. गावानं मिळून करायच्या सामूहिक दाव्याच्या फॉर्म बी मध्ये त्यासाठी पाचवा मुद्दा आहे, आणि गावोगाव तो बहुतेक कोरा सोडलेला मी बघितलाय. तू कोरा सोडू नकोस. दाव्याला पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो, नियमातच आहे, फक्त तो दावेदार सोडून दुसऱ्याचा लागतो, म्हणून आजोबांच्या जोडीला शेजारच्या पाड्यावरच्या सुईणबाईंना पण बसव. गडचिरोलीत मेंढा-लेखानं 2009 ला सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला तो गावसभेच्या जोरावर, एकट्यादुकट्याच्या नाही.

एक जपून कर. जबाबात झाडाचं नाव, जागा, कुठल्या महिन्यात काय काढतात, किती काढतात, हे सगळं लिही, पण कशात काय मिसळायचं ते लिहू नकोस. पंचायतीची जैवविविधता नोंदवही होईल तेव्हापण हेच. मी तरुणपणी एका संस्थेच्या सर्व्हेसाठी तीन वह्या भरून दवा लिहून दिल्या होत्या, त्या वह्या कुठं गेल्या, कोणी वापरल्या, आजतागायत कळलं नाही, आणि ज्या माणसांनी विश्वासानं सांगितलं त्यांच्यातले निम्मे आता नाहीत. ते माझ्या मनातून जात नाही.

आणि हे पण आजोबांशी बोल. साप चावला की पाला नाही, मंत्र नाही, थेट सरकारी दवाखाना आणि इंजेक्शन. त्यांना राग येणार नाही, ते स्वतः मला म्हणालेत की मण्यारीपुढं माझं चालत नाही. 2007 च्या युनोच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम 24 काढून बघ, भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलंय, त्यात आपल्या औषधांचा हक्क आणि भेदभावाशिवाय दवाखान्याचा हक्क एकाच वाक्याच्या अंतरावर आहेत. गावसभेत जंगलाचा ठराव मांडशील त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन आणि रात्रीची गाडी पाहिजे हा ठरावपण मांड.

पाऊस लागायच्या आधी ये. आजोबांचे गुडघे आता धरतात, पण कुड्यापर्यंत येतो म्हणालेत. झाडांच्या जागा नोंदवायला जीपीएसवाला मोबाईल चार्ज करून आण, वनहक्क समितीच्या अध्यक्षांना मी सांगून ठेवते.

तुझी ताई