‘द रेड’ हा इंडोनेशियन मारधाडपट आवडला, तर ‘द नाइट कम्स फॉर अस’ पाहावा का? की नुसतीच कापाकापी आहे?

पाहाच. कापाकापी मात्र ‘द रेड’च्या कितीतरी पुढची आहे. रक्त बघवत नसेल तर राहू द्या.

टिमो चाह्यांतोचा हा २०१८चा इंडोनेशियन सिनेमा. ईटो हा ट्रायड या चिनी गुन्हेगारी टोळीचा मारेकरी, ‘सिक्स सीज’ म्हणवणाऱ्या सहा जणांपैकी एक. सुरुवातीलाच समुद्रकाठचं एक आख्खं गाव मारून झालंय, आणि समोर रेना नावाची एक लहान मुलगी उरलीय. ईटो तिच्याकडे बघत राहतो आणि मग गोळ्या झाडतो त्या स्वतःच्याच माणसांवर. तिला घेऊन तो जकार्ताला जुन्या मित्रांकडे येतो. तिथून पुढे जो कोणी त्या पोरीला वाचवायला उभा राहतो, त्याला किंमत मोजावी लागते.

मला हा सिनेमा धरून ठेवतो तो आरियनमुळे. हा ईटोचा जिवलग दोस्त. ईटोला संपवलंस तर त्याची जागा तुझी, असं टोळी त्याला सांगते. ‘द रेड’मध्ये ज्याच्या बाजूने आपण श्वास रोखून बसलो होतो तो इको उवाइसच इथे आरियन झालाय, आणि त्यात सार्जंट झालेला नट, जो तस्लिम, इथे ईटो. तस्लिम पूर्वी खरोखरच इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघातला जुदोपटू होता. त्यामुळे तो माणसाला धरून आपटतो तेव्हा वजन जाणवतं.

खाटकाच्या दुकानातली मारामारी नीट बघा. सुरे, आकडे, गुरांची हाडं, हाताला लागेल ते हत्यार. पण मला लक्षात राहिली ती ईटोची दमछाक. प्रत्येक मारामारीनंतर तो जास्त मोडलेला दिसतो, आधीची जखम पुढच्या प्रसंगात भरून आलेली नसते. शेवटी दोघे दोस्त समोरासमोर येतात तेव्हा कोण जिंकावं हेच मला कळेना. हे थांबवा रे कोणीतरी, एवढंच वाटत होतं.

कथेत उणीव आहे. टोळीचा कारभार उडत उडत सांगितलाय, आणि जुली एस्टेलने केलेली ‘ऑपरेटर’ नेमकी कोण, कुठून आली, हे धड कळत नाही. तिची दोन मारेकरी बायकांशी होणारी झुंज मात्र मी तीनदा पाहिली.

नेटफ्लिक्सचा सिनेमा आहे. इंग्रजी डबिंग लावू नका. या दोस्तांचं एकमेकांशी बोलणं मूळ आवाजातच ऐका, सबटायटल्स लावून.