मम्मीला मराठी येत नाही

"मॅडम, पोरगी माझ्याशी धड बोलत नाही. लोकांसमोर माझी लाज वाटते तिला."

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी कानडी आयांकडून ऐकलंय, ओडिया आणि नेपाळी आयांकडूनही. आज एका फिलिपिनो आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वडील कोल्हापूरचे, दुबईत नोकरीला. ही तिथं नर्स होती. लग्न झालं, लेक तीन वर्षांची असताना मायलेकी इकडं आल्या. आता लेक एकोणीसची, पुण्यात शिकते. चेहरा आईचा. रंकाळ्यावर भेळ खातानाही कुणीतरी विचारणारच, "नेपाळी का गं?"

पहिल्याच भेटीत ती फणकारली, "मम्मीला मराठी येतच नाही. माझ्या मैत्रिणीला 'तो आला' म्हणते!"

"आणि तुझी मराठी?"

"पुण्यात सगळ्या हसतात. मी 'मी आलो, मी जातो' म्हणतो ना. सांगितलं त्यांना, आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात."

"हे तुला शिकवलं कुणी?"

ती गप्प झाली. वडील दुबईला, आजी लवकर गेलेली. घरात दिवसभर बोलायला होती ती मम्मीच. शेजारच्या काकूंकडून उचललेलं 'मी आलो' तिनंच लेकीच्या तोंडात घातलं होतं. तागालोगमध्ये, म्हणजे मम्मीच्या फिलिपिनो भाषेत, तो आणि ती दोघांनाही एकच शब्द, 'सिया'. मग मराठीत घोटाळा होणारच की!

पण गाठ सुटली ती चौथ्या भेटीत. लेक खिडकीकडं बघत म्हणाली, "मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना कशी हसते ती, मॅडम. तोंड उघडून, मांडीवर थाप मारून. माझ्याशी एकदापण अशी हसली नाही."

मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. शेजारी बसलेल्या आईच्या हातातला रुमाल तेवढा पिळला जात होता.

"शाळेत सांगितलं, दोन भाषांनी पोर गोंधळेल. म्हणून माझी बंद केली," ती म्हणाली.

माझं मत आता पक्कं झालंय. घरचे जिला लाज म्हणतात, तिच्या खाली बहुतेक वेळा 'मला आत का घेतलं नाहीस' असतं. वागणं सुधारायच्या आधी नात्यात कोण बाहेर राहिलंय ते शोधावं, हे मी शिकाऊ समुपदेशकांनाही सांगत असते.

आणि आयांनो, दोन भाषांनी पोरं गोंधळत नाहीत. लहानपणी शब्द मिसळतील, मिसळू देत. आपल्याकडं घरात कानडी नि गल्लीत मराठी बोलणारी पोरं काय कमी आहेत? मात्र बँकेत, शाळेत पोरीला दुभाषी करू नका. आईच्या चुका चारचौघांत मोजायची सवय तिथूनच लागते. 'नेपाळी का?'चं उत्तर वडिलांनी द्यावं, पोरीवर सोडू नये. इथं वडिलांना हे फोनवर सांगावं लागलं, जरा कडक शब्दांत.

लेकीला एकच काम दिलं: रविवारच्या कॉलला दहा मिनिटं शेजारी बसायचं.

पुढच्या खेपेला ती आल्या आल्या म्हणाली, "मम्मी मावशीला सारखं 'आते, आते' म्हणत होती. मी म्हटलं, अगं, ती आत्ती कशी? ती तर मावशी!"

तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. आई सांगायला लागली आणि मध्येच हसत सुटली, तोंड उघडून, मांडीवर थाप मारून. बाहेर थांबलेल्या गृहस्थांनी दार किलकिलं करून आत बघितलं.