"मॅडम, हा फोन आपलं बोलणं ऐकते का?"

नागपूरच्या मनीषनगरहून आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका ताईंचा पहिला प्रश्न हाच होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाळ पाच महिन्यांचं. बाळंतपणानंतर केस मुठीने गळायला लागले होते. ही गोष्ट त्यांनी फक्त अमरावतीच्या बहिणीला फोनवर सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी केसगळतीच्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. त्याच जाहिराती सासूबाईंच्या टॅबवरही, कीर्तनाच्या मध्येच. "केस जाऊन राहिले का तुझे?" असं सासूबाईंनी सहज विचारलं. ताईंना वाटलं, घरात आपलं म्हणून काही उरलंच नाही.

दुसरी काळजी त्यांनी निघताना, आवाज खाली आणून सांगितली. दोन महिन्यांत 14 पार्सलं आली होती, त्यातली काही अजून दिवाणाखाली, न उघडलेली. "माझा स्वतःवर ताबाच नाही, मॅडम." या दोन काळज्या बहुतेकदा याच क्रमाने येतात. आधी फोन, मग पैसे.

आधी फोनचं पाहिलं. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 17,000 हून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली होती. गुपचूप माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही अ‍ॅप स्क्रीनवर काय चाललंय याची नोंद मात्र बाहेर पाठवत होती. पण अशा अभ्यासाने मनाची धाकधूक जात नाही, म्हणून ताईंच्याच गूगल खात्यातली शोधांची नोंद, म्हणजे 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' उघडली. बहिणीशी बोलण्याच्या आदल्या रात्री 1 वाजून 10 मिनिटांनी शोध होता: "डिलिव्हरीनंतर केस गळणे". त्यातून दोन दुकानांची पानं उघडली होती. अशा पानांत जाहिरात कंपनीचा एक छोटा कोड बसवलेला असतो. कोणी, काय, किती वेळ पाहिलं हे तो कळवतो, आणि मग तीच बाटली इन्स्टाग्रामवर, बातम्यांत, सगळीकडे मागे लागते. बर्डीवरच्या दुकानात बिल करताना आपण मोबाइल नंबर देतो, तोही असाच कामी येतो. ग्राहकांच्या नंबरांची यादी जाहिरातदार चढवू शकतो, आणि त्या नंबरांची खाती शोधून त्यांनाच जाहिरात दाखवता येते.

आणि टॅब? तो घेतला तेव्हा घाईत ताईंच्याच गूगल खात्याने सुरू केला होता. त्यामुळे शोध ताईंचा आणि जाहिरात सासूबाईंसमोर. मुद्दाम कोणी काही पाहत नव्हतं, हे कळल्यावर ताई बराच वेळ गप्प बसल्या.

खरेदीसाठी वहीत तीन रकाने आखले: तारीख, वेळ, आणि ही वस्तू हवीशी कुठून वाटली. 14 पैकी 10 ऑर्डर रात्री 11 ते 1 मधल्या, बाळाला मांडीवर घेऊन केलेल्या. 9 वस्तू त्यांनी स्वतः शोधल्याच नव्हत्या, जाहिरातीत चार-पाचदा दिसल्यावर घेतल्या होत्या. तेच तेच चित्र दिसलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की खात्रीचं वाटतं. अपुऱ्या झोपेत तर हा फरक करायचं त्राणच नसतं. दिवसा हीच बाई भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालते. त्यामुळे "ताबाच नाही" हे आम्हाला मुळीच पटलं नाही.

मग कामाला लागलो. टॅबवर सासूबाईंचं वेगळं खातं. फोनमध्ये सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स या वाटेने अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, डिलीट केला (काही फोनमध्ये हे प्रायव्हसीखाली असतं, आयफोनमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतल्या ट्रॅकिंगमध्ये अ‍ॅपची परवानगी बंद करायची). गूगलच्या 'माय अ‍ॅड सेंटर'मध्ये पर्सनलाइज्ड, म्हणजे आपल्यावर बेतलेल्या, अ‍ॅड्स बंद. ते पूर्ण बंद करायचं नसेल तर तिथेच गरोदरपण-पालकत्व आणि वजन कमी करणे या विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. ओल्या बाळंतिणीला हे आवर्जून सांगावं. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन बाहेरच्या दुकानांकडून आलेल्या हालचालींची नोंद पुसली आणि पुढची जोडणी तोडली.

इथे अनेकांची निराशा होते. जाहिरातींची संख्या कमी होत नाही, फक्त त्यांचा नेम चुकतो. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये आपण जे पाहिलं ते त्या कंपनीकडे राहतंच, म्हणून तिथली ब्राउझिंग हिस्टरी वेगळी पुसावी लागते.

आमच्या मते सेटिंगपेक्षा पैसे देण्यातली अडचण जास्त उपयोगाची. अ‍ॅपमधली साठवलेली कार्डं काढली, नोटिफिकेशन बंद केली. रात्री दहानंतर फक्त वहीत लिहायचं, कार्टमध्ये टाकायचं नाही. कार्टमध्ये टाकलं की "तुमची वस्तू वाट पाहतेय" असे मेसेज सुरू होतात. लिहिलेलं तीन दिवसांनी, दिवसाउजेडी वाचायचं. "फक्त 2 शिल्लक" अशी खोटी घाई लावणं चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत असे 13 फसवे प्रकार सांगितले आहेत. तक्रारीसाठी 1915 हा नंबर आहे.

पहिल्या आठवड्यात नियम दोनदा मोडला. दोन्ही वेळा बाळाला ताप होता. वहीत तसं लिहून पुढे गेलो. मुदतीत असलेली पाच पार्सलं परत गेली, उरलेली ताईंनी नवऱ्याला स्वतः दाखवली. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं, बाळंतपणानंतरची ही गळती बहुतेकदा वर्षभरात आपोआप थांबते.

तिसऱ्या भेटीपर्यंत वहीत 11 वस्तू लिहिल्या गेल्या होत्या, घेतल्या दोनच. त्यातले बाळाचे सुती लंगोट गांधीबागेतून, हात लावून पाहून. सासूबाईंच्या टॅबवर आता गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात येते. "घेऊ का?" असं त्यांनी सुनेला विचारलं, तेव्हा ताईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली.