किरणोत्सारी फॉस्फरस-३२ चे उरलेले नमुने सिंकमध्ये ओतावेत का?

नांदेडच्या तुमच्या प्रयोगशाळेत? आत्ता तरी मुळीच नको. याचा अर्धायुकाल, म्हणजे सक्रियता निम्मी व्हायला लागणारा काळ, १४.३ दिवस. दहा अर्धायुकाल, म्हणजे जवळपास पाच महिने, कुलपात ठेवलं की सक्रियता हजाराव्या हिश्शावर येते. मग विकिरण मोजणाऱ्या मीटरवर फक्त पार्श्वभूमीइतकं रीडिंग येतंय ना ते बघून, विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीनेच पुढची विल्हेवाट.

डबा जाड ॲक्रिलिकचा घ्या. शिसं जास्त सुरक्षित वाटतं खरं, पण फॉस्फरस-३२ मधून निघणारे बीटा कण थेट शिशावर आदळले की उलट क्ष-किरणं निघतात. डब्यावर समस्थानिक, मात्रा, तारीख हवीच; आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिकटपट्टी सुटते, टॅग दोऱ्याने बांधा.

कार्बन-१४ असेल तर थांबून उपयोग नाही, ५७३० वर्षं! त्याची विल्हेवाट एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांनुसारच. आणि भंगारवाल्याला काहीही देऊ नका. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० असाच पोचला, एकाचा जीव गेला.