वरच्या मजल्याचं पाणी, खालच्या मजल्याचं छत

प्रश्न: आमची सोसायटी चार मजली, सोळा घरांची, १९९१ सालची. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. दिवाळीनंतर बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं, आता गिलाव्याचे पोपडे पडताहेत. वर भाडेकरू आहेत. त्यांचे मालक पुण्याला असतात, ते म्हणतात ‘सोसायटी बघेल’. सेक्रेटरी म्हणतात ‘तुमचं तुम्ही आपसात मिटवा’. प्लंबरने ३५ हजार सांगितले. हा खर्च कोणाचा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, खर्च कोणाचा ते मी सांगेन, पण पाणी कुठलं ते आधी तुम्ही मला सांगायला हवं. ते तुमच्या पत्रात नाही आणि प्लंबरनेही बघितलेलं दिसत नाही. न बघता ३५ हजार सांगणाऱ्याला तूर्त चहा पाजून परत पाठवा.

मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. आमच्याकडे अगदी हाच प्रकार झाला. मी वरच्या घराला रीतसर नोटीस धाडली. त्यांनी बिचाऱ्यांनी लाद्या उखडून नवा कोबा घातला, वॉटरप्रूफिंग केलं. खाली ठिबक चालूच. शेवटी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या पोकळीत, माणूस उतरवला तेव्हा कळलं, गच्चीच्या टाकीतून खाली येणारी लाइन एका जॉइंटला गळत होती आणि पाणी भिंतीतून वाट काढत होतं. म्हणजे दुरुस्ती सोसायटीची होती आणि भुर्दंड त्या घराला पडला. त्या वहिनी पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तर आधी हे करा. वरच्या बिऱ्हाडाला सांगून रात्री झोपताना त्यांच्या बाथरूमचा कॉक बंद ठेवायला लावा. एरवी रात्रभर चालू असणारी ठिबक सकाळपर्यंत थांबली तर त्यांच्या भिंतीतला नळाचा पाइप गेलाय. ठिबक दिवसभर नसते, आंघोळी आटोपल्यावर तासाभराने वाढते, असं असेल तर संशय न्हाणी ट्रॅपवर (सांडपाणी जातं त्या जाळीखालचं भांडं) किंवा लाद्यांच्या सांध्यांवर. त्या ट्रॅपमध्ये कपड्याची नीळ कालवून बादलीभर पाणी ओता आणि खाली वाट बघा. निळा डाग उमटला की वाद संपला. (न उमटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, जुन्या कोब्यात पाणी रेंगाळतं.) आणि वरचं सगळं बंद असूनही गळत राहिलं, तर डक्ट उघडा.

आता खर्च. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांत, मालमत्तेच्या देखभालीच्या प्रकरणात दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, ड्रेनेज लाइन, गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाची गळती, सामाईक पाइपांची गळती, हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. यादीत नाही ते सभासदाचं. संडास, सिंक यांमुळे होणारी घरातली गळती त्या त्या फ्लॅटधारकाची, असंही तिथे स्पष्ट आहे. तेव्हा नीळ उतरली तर खर्च पुण्याच्या मालकांचा. भाडेकरूंशी भांडू नका, ते सभासद नाहीत. तुमच्या छताचा गिलावाही मालकांकडूनच मागा असं मी म्हणेन. रंग मात्र तुम्ही काढा, एवढ्यावरून शेजार तोडू नये. डक्टमधली लाइन निघाली तर सोसायटीचं काम.

खरी ओढाताण होते ती वरच्या ट्रॅपचा आडवा पाइप डक्टमधल्या उभ्या पाइपला मिळतो त्या जॉइंटवर. दोघंही म्हणतात ‘आमचं नाही’. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून टाकला: भिंतीच्या आतलं घराचं, भिंतीच्या बाहेरचं सोसायटीचं. तुम्हीही करून घ्या, पुढची भांडणं वाचतील.

सेक्रेटरींना ‘आपसात मिटवा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. दुरुस्तीची गरज तपासायला, आधी कळवून, कमिटीच्या एका सदस्याला सोबत घेऊन कुठल्याही घरात जाऊन बघण्याची तरतूद उपविधींत आहे. त्यांना लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या. एक प्रत मालकांना पुण्याच्या पत्त्यावर पाठवा. गळतीचे वाद सहकार न्यायालयात नेता येतात, पण तिथे तारखा पडत राहतील आणि छत काही तारखेची वाट बघणार नाही.

सोसायटीकडे पैसेच नाहीत, असंही ऐकावं लागेल. दुरुस्ती निधी दरसाल फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दराने जमवायचा असतो. आमचा मेंटेनन्स किती कमी, म्हणून मिरवणाऱ्या सोसायट्यांत हाच निधी कोरडा असतो, हा माझा अनुभव.

प्रश्न: खालच्या मीटर रूममधून आमच्या घरात येणारी केबल जळाली. सोसायटी म्हणते, मीटर तुमच्या नावावर, मग केबलही तुमची. – एक वाचक, नाशिक

उत्तर: मीटर तुमच्या नावावर असला तरी घरातल्या मेन स्विचपर्यंतची लाइन त्याच यादीत सोसायटीकडे आहे. स्विचच्या पुढचं सगळं तुमचं. तुम्ही एसी, गिझर वाढवून मंजूर भार ओलांडला असेल, तर मात्र सोसायटी तुमच्याकडे बोट दाखवणारच. लायसन असलेल्या वायरमनकडून केबल का जळाली ते लिहून घ्या आणि तो कागद अर्जाला जोडा. जळका तुकडा फेकू नका.